सासूबाईंची सीट

"माझ्या सायकलची सीट कुठे गेली?" सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. व्यायामाची ती सायकल तीन वर्षं फक्त टॉवेल वाळवायच्या कामी येत होती, पण म्हणून काय झालं!

सुनेने मान खाली घातली. सायकलवरून उड्या मारायच्या स्पर्धेसाठी ती स्वतःच एक सायकल जुळवत होती. फ्रेम भंगारातली, चाकं भावाच्या जुन्या सायकलची. नवी सीट काही परवडेना.

"आणि माझ्या सीटवर बसून तू हवेत उडणार?"

"नाही आई, उडी मारताना बसत नाहीत. पूर्ण वेळ पेडलवर उभं राहायचं."

सासूबाईंनी जो अबोला धरला, तो दोन दिवस.

स्पर्धेच्या सकाळी सरावातच सुनेचं प्लॅस्टिकचं पेडल मोडलं. ती रडकुंडीला आली, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासूबाई आल्या. पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेली दोन लोखंडी पेडलं काढली.

"बसायचंच नव्हतं तर सीट कशाला चोरलीस, वेडाबाई? पेडलं चोरायची! आणि ऐक, डावं पेडल उलट्या बाजूने फिरवलं की सुटतं. एवढं कळायला माझे दोन दिवस गेले!"