शेवटची ओंजळ

“मजुराचा हात आत का गेला, ते आधी शोधा. मग सुधारणा लिहा.” औरंगाबादच्या साहेबांचं हे बोलणं पिंगळीच्या वाटेवर भुजंगच्या कानात घुमत होतं. मानवतला त्याचा मळणीयंत्रांचा लहानसा कारखाना. सुरक्षित यंत्राच्या संशोधनासाठी त्यानं सरकारी अनुदान मागितलं होतं. साहेबांनी प्रस्ताव परत पाठवला. अपघाताचं कारण म्हणून त्यानं एकच शब्द लिहिला होता : निष्काळजीपणा. दुरुस्त प्रस्ताव उद्या सकाळी औरंगाबादला द्यायचा होता.

पिंगळीत बानूबाई आपल्या दारात बसून डाव्या हातानं लोकर निवडत होती. उजवा हात मनगटाशीच संपलेला. गेल्या सुगीत भुजंगच्या यंत्रानं तो नेला.

“वरीस झालं, दादा. आज घावलं व्हय घर?”

भुजंगनं समोर बसून प्रस्ताव आणि नव्या यंत्राचा आराखडा मांडीवर उघडला. मग म्हणाला, “मावशी, कणसं आत लोटायला लाकडी दांडा दिला होता. तो का नाही घेतला?”

“घेतला की! दिसभर त्यानंच लोटलं. पर शेवटची ओंजळ लक्ष्मी असती. तिला काठीनं ढकलावं का? कपाळाला लावली, डोळे मिटले आन् हातानं घातली. समद्याच बाया तसंच करत्यात.”

नव्या आराखड्यात भुजंगनं दांडा आणखी लांब केला होता. त्यानं तो खोडला. ओंजळ बाहेरच सोडली तरी कणसं आपोआप आत घसरतील, असं उतरतं तोंड काढलं. मग ‘निष्काळजीपणा’ खोडून त्या जागी लिहिलं : नमस्कार.

आता प्रस्ताव परत येणार नव्हता. तो औरंगाबादला जायची गाडी गाठायला उठला.

“नवं यंत्र कवा यील?”

“पुढच्या सुगीला.”

“आन् ही सुगी? माझी सून आबासाहेबाच्या खळ्यावर तुमच्याच यंत्राशी हाय. आज रास संपायलीय. शेवटची ओंजळ तीच घालनार.”

भुजंग थबकला. “नाही घालणार, मावशी. कुणीच नाही घालणार. माझा शब्द.”

खळ्यावर जाऊन त्यानं इंजिन बंद केलं.

“भर सुगीत यंत्र बंद? मग आमी काय बैल फिरवावं?” आबासाहेब कडाडले.

“ह्या सुगीला फिरवा, आबासाहेब. नवं तोंड बसवून मीच चालू करून देईन.”

त्यानं इंजिन आणि यंत्र जोडणारा पट्टा उतरवून खांद्यावर टाकला. त्याची परभणीकडची गाडी स्टेशनात आली, थांबली, सुटली. भुजंग गंगाखेडच्या वाटेला लागला. तिकडच्या खळ्यांवर त्याची आणखी यंत्रं चालू होती.