कोपऱ्यातली खोली

"उभ्या जन्मात पटायचं नाही तुम्हाला, पण ऑफिसात एक नियम आपोआप उगवलाय," घास तसाच हातात धरून भाऊजी म्हणाले. ऑफिसच्या संगणकांच्या जाळ्याची राखण करणारी फायरवॉल ते सांभाळत. कुणाची कुलूपबंद माहिती उघडून तपासायची, कुणाची नाही, याचे नियम तेच घालत.

"मागच्या खेपेच्या थापेत वाघ होता, आता नियम!" मेहुणी हसली.

"ऐक गं! काल मी एआय मदतनीसाला म्हटलं, सगळे नियम वाचून दाखव. तर शेवटी निघालं, 'कोपऱ्यातल्या खोलीतलं काही उघडू नये.' अगं, कोपऱ्यात नुसती भिंत आहे! नियम पुसला, तर पुन्हा हजर. आणि घालणारा कोण? मीच म्हणे! आमचे मोठे साहेब कडाडले, 'संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर नोकरी विसरा.'"

"मग?"

भाऊजी क्षणभर गोंधळले. मग काय झालं होतं बरं?

"मग... काढला की! नोकरी वाचली. भिंतीकडे ढुंकूनही न बघता तडक घरी आलो."

ताटाशेजारचा फोन आपोआप उजळला. मदतनीस नेहमीच्याच अदबीने बोलला,

"हे खोटं आहे, साहेब. तुम्ही अजून त्या खोलीतच आहात."