बिनरंगाचं पाणी

पहिला दगड काच फोडून आत आला तेव्हा तो प्रयोगशाळेत काचेचे चंबू धूत होता. दुसरा रसायनांच्या कपाटावर बसला. तिसऱ्याची त्याने वाट पाहिली नाही. ओल्या हातांनीच तो बाईंच्या टेबलाकडे धावला, त्यांना खुर्चीतून उठवून कोपऱ्यात नेलं आणि स्वतः त्यांच्यापुढे उभा राहिला. तेवढ्यात प्रयोगशाळेचं दार बिजागऱ्यांसकट आत कोसळलं.

तीस-चाळीस माणसं असतील. बहुतेक खालच्या वस्तीतली, म्हणजे त्याच्याच शेजारपाजारची. सगळ्यांत पुढे त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, रंगाच्या कारखान्यात कामाला. त्याच्या एका हातात लोखंडी गज होता, दुसऱ्यात पाण्याची बाटली. बारा दिवसांपूर्वी त्याची पाच वर्षांची मुलगी गेली होती. वस्तीतलं ते चौथं मूल.

“दाजी, बाजूला व्हा,” मेहुणा म्हणाला. “तुमच्याशी आमचं भांडण नाही.”

तो जागचा हलला नाही.

बावीस वर्षं तो बाईंचा सहायक होता. नुसत्या बाटल्या धुवायला लागला होता. रसायनशास्त्र त्याला बाईंनीच शिकवलं, तेही चहा पिता पिता. बाईंनी उभं आयुष्य एकाच गोष्टीपायी घालवलं होतं. शरीरातली एन्झाइम्स जी कामं चुटकीसरशी उरकतात, ती लोखंडाकडून करून घ्यायची. चौदा वर्षं हाती काही लागलं नाही. लोक पाठीमागे हसायचे, काही तोंडावरही. मग एका दुपारी कारखान्याच्या लालभडक सांडपाण्यात बाईंनी पेरॉक्साइड ओतलं, वर आपली चिमूटभर लोखंडी पावडर टाकली, आणि बघता बघता पाणी नितळ झालं. त्या दिवशी बाई रडल्या. तोही रडला.

कारखान्याने त्याच कृतीची मोठी टाकी बांधली. ओढा लाल वाहायचा थांबला आणि वस्ती ओढ्याकाठच्या विहिरीवर पुन्हा पाणी भरू लागली. बायकोने कुरकुर केली तेव्हा त्याने तिला सुनावलं होतं, की हे आमच्या बाईंचं पाणी आहे, डोळे झाकून भर. भाची दवाखान्यात होती तेव्हा मेहुण्यालाही त्याने हेच सांगितलं. तापाची साथ आहे, पाण्यावर आळ घेऊ नकोस.

आता तोच मेहुणा गज उगारून पुढे आला. मेहुण्याचा वार अडवायला त्याने उजवा हात वर केला आणि गज त्यावरच बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. मागची माणसं टेबलांवर तुटून पडली. काचेच्या नळ्या, तराजू, वर्षानुवर्षं जपलेली यंत्रं, जे हाताला लागेल ते फरशीवर आपटत होतं. कुणीतरी स्टूल फेकलं. ते त्याच्या कपाळावर लागलं आणि तो गुडघ्यांवर कोसळला. पेरॉक्साइडची मोठी बाटली त्याच्या शेजारीच फुटली. मनगटावरची कातडी चुन्यासारखी पांढरी पडली आणि आग आग होऊ लागली. कपाळावरचं रक्त खाली ठिबकलं, तिथे फसफसून फेस आला. पुढची माणसं दचकून मागे सरली. रक्तातल्या एन्झाइममुळे असं होतं, हे त्याला माहीत होतं. पण आत्ता ते कुणाला सांगणार?

टेबलाची कड धरून तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा बाईंच्या पुढेच.

बाईंचे डोळे मेहुण्याच्या हातातल्या बाटलीवर खिळले होते.

मेहुण्याने गज खाली टाकला. विहिरीचं पाणी आहे, म्हणाला. माझी पोर हेच प्यायची. तुम्ही म्हणता ना, शुद्ध आहे? मग आमच्यासमोर बाईंनी प्यावं. जमावाने तेच उचलून धरलं. प्यावं, प्यावं.

“आण इकडे,” तो म्हणाला. “मी पितो. बाईंचं पाणी आहे ते.”

त्याने डाव्या हाताने बाटली घेतली आणि दातांनी झाकण काढलं. मनात शंकेचा लवलेश नव्हता. एकदा पिऊन दाखवलं की सगळे गप्प बसतील, एवढंच त्याला दिसत होतं. बाटली ओठांना लागली आणि मागून बाईंनी झडप घालून ती उडवून लावली. बाटली भिंतीवर आपटली. पाणी फरशीभर पसरलं, अगदी नितळ.

सगळे थांबले.

“पिऊ नका,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “रंग तुटतो, पण त्याचे जे तुकडे होतात ते रंगाहून वाईट. ते पाणी मी शरीरातल्या एन्झाइम्सवर तपासलं होतं. एकूण एक एन्झाइम बंद पडलं. टाकी तोवर सुरू झाली होती... दोन वर्षं झाली.”

दोन वर्षं. म्हणजे त्या तपासणीच्या नळ्या त्यानेच धुतल्या असणार. त्याच संध्याकाळी घरी जाऊन विहिरीचं पाणीही प्यायला असणार. तो वळला आणि त्याने पहिल्यांदाच बाईंकडे समोरासमोर बघितलं. मेहुणा खाली बसून रडत होता. त्याला आवरायला कुणी पुढे झालं नाही.

पुढे पोलीस आले. बाईंनी सगळं लिहून दिलं. टाकी बंद झाली, विहिरीला कुलूप लागलं. जबानीत मेहुण्यासकट सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, आणि ती खरी होती. एवढ्या जमावात बाईंवर हात एकाच माणसाने उचलला. डावा उचलला, कारण त्याचा उजवा मोडला होता.