वारसांच्या सह्या

“आज म्याडम म्हणत्यात, दोघांचं नवं फोटू पायजेत,” मनुबाई बँकेच्या पायऱ्या उतरत म्हणाली.

मानसिंगनं कपाळावर हात मारला. मागच्या खेपेला आधार कार्डावरच्या नावात चूक निघाली होती. त्याआधी मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती हव्या होत्या. वडील, लालासाहेब, जाऊन वर्ष होत आलं, तरी म्हसवडच्या या बँकेतल्या त्यांच्या खात्याचं काम काही मिटत नव्हतं. सगळ्या वारसांना समक्ष यायला लागतं, असं आईनं, मनुबाईनं, फोनवर सांगितलं, म्हणून तो साताऱ्याहून येत होता आणि धाकटा जयराज सांगलीहून. आत जाऊन चौकशी मात्र मनुबाईच करायची. “म्याडम एका येळी एकालाच घेत्यात,” म्हणायची. तोवर दोघं भाऊ बाहेर कडुलिंबाच्या कट्ट्यावर बसायचे. दोन टोकांना.

कित्येक वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. जयराजच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत मानसिंगचं नाव राहून गेलं. सख्ख्या चुलत्याचं! छापणाऱ्याची चूक, असं जयराज सांगत राहिला. पण फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या माणसाला ते पटेना. वडिलांच्या तेराव्याला दोघं वेगवेगळ्या पंगतीत जेवले.

पहिल्या खेपेला कुणी तोंड उघडलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला मनुबाईनं बाहेर चहा पाठवला, तेव्हा जयराज पटकन चहावाल्याला म्हणाला, “त्येला बिनसाखरेचा दे. शुगर हाय त्येला.” हे याला कुणी सांगितलं, असं मानसिंगच्या मनात आलं. चहा मात्र प्याला.

आज दोघांना समोरच्या फोटोच्या दुकानात जावं लागलं. मानसिंग स्टुलावर ताठ बसला.

“जरा हसा की, काका,” फोटोवाला म्हणाला.

“आर्डर सोडल्याबिगर हसायचा न्हाई त्यो,” मागून जयराज म्हणाला.

मानसिंगला असं काही हसू फुटलं की फोटो तीनदा काढावा लागला.

परत आले तेव्हा मनुबाई कट्ट्यावर बसली होती. जयराजनं तिच्यासाठी गरम भजी आणली. फोटो मानसिंगच्या हातात होते.

“तू खा निवांत, आये. मीच दिऊन येतो.”

“आरं थांब! मी जाते की!” मनुबाई धडपडत उठली. पण तोवर तो दारातून आत शिरला होता.

टेबलामागच्या बाईंनी फोटो बघितले आणि त्यांना काही उमगेना.

“लालासाहेबांचं खातं? अहो, ते दिवाळीआधीच बंद झालं. नॉमिनी आजीच होत्या. त्यांची एक सही झाली, सगळी रक्कम त्यांच्या खात्यावर गेली.”

“मग आई सारखी इथं येती ती कशाला?”

बाई हसल्या. “येतात, गार पाणी पितात, माझ्या पोराबाळांची चौकशी करतात आणि पंख्याखाली घटकाभर बसून जातात. मला वाटलं, ऊन टाळायला येत असतील.”

मानसिंग दाराकडं वळला. राग यायला हवा होता. काचेतून त्याला कट्टा दिसत होता. जयराज कागदावरची भजी आईपुढं सरकवत होता आणि त्यातली थोडी वेगळ्या कागदात बांधून बाजूला ठेवत होता. आईचं भज्यांकडं लक्षच नव्हतं. पदर तोंडाला लावून ती दाराकडं बघत होती, चोरी सापडलेल्या पोरीसारखी.

तो बाहेर आला. जयराजनं बाजूचा पुडा त्याच्या हातात दिला.

“काय म्हणल्या म्याडम? झालं का काम?”

मानसिंगनं आईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. तो जयराजच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून बसला आणि एक भजं तोंडात टाकलं.

“कसलं हुतंय एवढ्यात! पुढच्या म्हैन्यात परत बोलावलंय,” तो म्हणाला. “आन त्या खेपेला सुनास्नी, नातवंडास्नीबी घिऊन या म्हणल्यात.”