वरची ओळ

स्नेहलनं शेडचं दार कोपरानं ढकललं. कडेवर सम्मेद होता. आत तिचंच गाणं चाललं होतं आणि माईकसमोर दुसरीच पोरगी उभी होती.

पोरगी खालच्या ओळी बऱ्या गात होती. वरची, उंच सुरातली ओळ आली तेव्हा तिनं नुसते ओठ हलवले. स्पीकरमधून आला तो आवाज स्नेहलचा होता.

राजवर्धननं गिटार थांबवली, लॅपटॉप बंद केला. "पोराला घिऊन आलीस व्हय? कान जातील त्याचे."

"कानटोपी हाय त्याला. ही कोण?"

"तेजस्वी. शनिवारच्या शोला ही गाणार."

"मला सांगायचं की."

"कवा? तालमीला बोलवलं की याला ताप, न्हाईतर दात. दात येईस्तोवर बँड बसवून ठिऊ?"

ड्रममागून पिराजी हसला. "चार बेसवाले सोडून गेले, वैनी. एकानंबी असा दारात तमाशा केला न्हाई."

"वैनी कुणाला म्हणतोस रं? परवापर्यंत स्नेहल्या होते की. आणि बेसवाल्यांच्या जागी दुसरे वाजवणारे आले. माझ्या जागी तुम्ही मलाच ठिवलंय. फक्त मला उभं न्हाई केलं."

"शेड माझ्या बापाची, रेकॉर्डिंग माझं," राजवर्धन म्हणाला. "राखुंडी हे बँडचं नाव हाय, तुझं न्हाई."

"मग माझा आवाज काढा आणि वाजवा. बघू तरी."

तेजस्वीनं माईक उंच केला. "दादा, ते लावू नका. मी घेते वरची ओळ."

"लागंल?"

"न्हाई लागली तर न्हाई. नुसतं तोंड हलवायला आले न्हाई मी." मग ती स्नेहलकडे वळली. "आणि तुम्ही जावा इथनं."

"ऐकूनच जाणार."

पिराजीनं काड्या आपटल्या. गाणं सुरू झालं, चढत गेलं. वरच्या ओळीला तेजस्वीनं छातीभर श्वास घेतला. आवाज अर्ध्यावर गेला आणि फाटला. गिटार, ड्रम तसेच पुढे वाजत राहिले; मध्ये ओळीएवढी जागा रिकामी.

राजवर्धननं एकदाच स्नेहलकडे पाहिलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

कडेवरच्या सम्मेदला ती जागा ठाऊक होती. रोज आंघोळीला तो आईकडून हेच गाणं ऐकायचा. त्यानं आईच्या तोंडाकडे बघितलं. थोडं थांबला. मग हात वर केला आणि इवल्या बोटांनी तिचे ओठ उघडायला लागला.