मुठीतले तांदूळ

"तुझी ही बाय मराक चललेली नाय, सरला. ही भांडाक चललीहा."

माईंनी एवढं म्हटलं आणि देवापुढची वात सारली. सरलाने कागदांची सुरळी केली. मुंबईच्या मासिकाच्या संपादकांनीही तेच कळवलं होतं, फक्त शुद्ध भाषेत. नायिका जीव द्यायला निघते हे पटत नाही. पटेल असं करून पाठवलंत तर दिवाळी अंकात घेऊ.

गोष्टीतली मंदाकिनी नवऱ्याला शिव्याशाप देत, ऊर बडवत खाडीकडे धावत सुटायची. सरलालाही ती आता नाटकातली वाटू लागली.

सरला आचऱ्याच्या शाळेत मास्तरीण होती आणि माईंच्या परड्यातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. नवरा, श्रीपाद, मुंबईला. आधी शिमग्याला आणि गणपतीला बोटीने यायचा, मग नुसता गणपतीला. पुढे त्याने तिकडे दुसरं बिऱ्हाड केल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं, आणि सरला दिसली की विहिरीवरच्या बायका आवाज खाली आणू लागल्या. माई तेवढ्या पूर्वीसारख्या बोलायच्या. त्याही एकट्याच. नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही. देवधर्म आणि नेमधर्म यांत त्यांचा दिवस जायचा.

आठवड्याने सरलाने नवी मंदाकिनी वाचून दाखवली. ही रडत नव्हती. शेजारणीची उसनी आणलेली विळी घासूनपुसून परत करत होती. माहेरी सगळं बरं असल्याचं कळवत होती. अंगणातली रोपं दुसरीच्या दारात नेऊन लावत होती. फार दिवसांनी ती हसली, आणि लोक म्हणाले, सावरली हो बाई एकदाची.

माई आपल्या दारातल्या अबोलीकडे बघत राहिल्या. ती रोपं सरलानेच परवा आणून दिली होती, माझ्याकडे उन्हाने करपतात म्हणून.

"ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

"सुचलं. लिहिणाऱ्याला सुचतं, माई."

"आणि शेवट?"

"तेवढा राहिलाय. होईल एक-दोन दिवसांत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच माई ओलेत्या केसांनी सरलाच्या दारात उभ्या. त्यांचं म्हणणं असं, की रोज आंघोळ झाल्यावर व्रताची कहाणी सांगायचा त्यांचा नेम आहे. ऐकणाऱ्याच्या मुठीत तांदूळ द्यायचे, कहाणी संपली की ते तुळशीला वाहायचे, आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. आजवर जाऊ ऐकायची, सावित्री. पण ती याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी देवगडला गेली.

"तू ऐकतलंस? नायतर मी उपाशीच रवतलंय."

दोन वर्षं शेजारी राहून आपल्याला हे कसं ठाऊक नाही, असं सरलाच्या मनात आलं. शाळेच्या धांदलीत लक्ष गेलं नसेल. तिने हात पुढे केला. थोडेच दिवस, असं तिने स्वतःशी म्हटलं.

कहाणी साधीच होती. एक राणी, तिच्यावर देव कोपलेला, आणि तिची कहाणी ऐकायला कोणी मिळत नाही. माई मात्र ती रोज वेगळीच सांगायच्या. राणीला कधी सात मुलगे असायचे, कधी एकच लेक. वयाचा विसरभोळेपणा, असं समजून सरला हसायची.

शाळा तपासणी होती त्या दिवशी ती घाईत पहाटेच निघून गेली. संध्याकाळी परतली तर माई पडवीत भिंतीला टेकलेल्या, ओठ सुकलेले. चुलीपाशी पेज गार होऊन पडली होती.

"एक दिवस सोडायचा होतात, माई. देव काय रागावतो?"

"देवाचां माका म्हायत नाय." माई कशाबशा हसल्या. "माझ्या पोटाची चावी तुझ्या कानात आसा गो. घेऊन खंय जाव नको."

त्या रात्री सरलाला चिडच आली. एका म्हातारीच्या पेजेला आपल्याला बांधून घातलं.

श्रावण सरता सरता एका तिन्हीसांजेला ती घर झाडून, कडी लावून समुद्रावर गेली. होड्या ओढून ठेवलेल्या. माणूस नव्हतं. पाणी पायाशी येऊन माघारी जात होतं. तिच्या मनात कुठलाही मोठा विचार आला नाही. उद्या सकाळी तांदूळ कुणाच्या मुठीत देतील, एवढंच आलं. ती वाळूत बसून राहिली, आणि मग पावलं न वाजवता घरी आली. माईंच्या पडवीत कंदील अजून जळत होता.

त्याच आठवड्यात तिने गोष्टीचा शेवट लिहिला. मंदाकिनी खाडीवरून परत फिरते, कारण शेजारची म्हातारी तिच्यावाचून जेवत नाही. एवढ्याशा कारणाने कोण फिरतं, असं संपादक म्हणतील अशी तिला धास्ती होती. गोष्ट छापून आली.

दिवाळीनंतर सावित्री देवगडहून परतली. त्या सकाळी विहिरीवर ती दोरीला कळशी बांधत होती. सरला घागर घेऊन नुसतीच उभी राहिली. बायका आता आवाज खाली आणतात की नाही, हे तिने कित्येक दिवसांत पाहिलंही नव्हतं. पण उद्यापासून सकाळ रिकामी, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "माईंची कहाणी आता तुम्हीच ऐकाल ना? माझी तेवढी सवय मोडायला हवी."

सावित्रीने कळशी विहिरीत सोडली आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

"कसली कहाणी गो? तिच्या व्रताचां उद्यापन होऊन चार वर्सां झाली. पुरण मीच वाटलंय. तेव्हापासून न्हेमान उजाडताच पेज खाता ती."