भरवशाची रायफल

अमेरिकेतल्या मोंटानात एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोरल्या हरणाच्या, शिकारीची हमखास जागा कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. नोराला तिची जागा वडिलांनी मरण्याआधी दाखवली होती. हंगामाच्या तोंडावर ती वडिलांचे जुने मित्र अर्लकाका यांच्या बंदुकांच्या दुकानात गेली.

"काका, स्वस्त पण भरवशाची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल द्या."

"नेम किती लांबून धरणार? झाडी आहे की मोकळा उतार? नीट सांग पोरी, उगाच तोफ गळ्यात मारायला मी काय परका आहे?"

"अडीचशे यार्ड. जळक्या रानाच्या वरचा उत्तरेकडचा उतार, खाली दलदल."

काकांनी खरोखरच उत्तम रायफल निवडून दिली.



हंगामाच्या पहिल्या पहाटे ती तिथे पोचली, तर मारलेल्या एल्कशेजारी बसून अर्लकाका कॉफी पीत होते. "ये पोरी! तुझ्या बापाने तीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही बघ."